लालीचं दावं

बोलता बोलता मामा एकदम हात वर करायचे. एस.टी. थांबवावी तसा. घास तोंडातला तोंडात, आणि कान रस्त्याकडे. बाहेरून एखादी फटफटी गेली की ती लांब जाईस्तोवर ऐकायचे, मग हात खाली टाकत म्हणायचे, "न्हाई. ही न्हाई." असा माणूस शेजारच्या टेबलावर बसवून कुणी दिवसभर काम करून दाखवावं, मी त्याला स्वखर्चानं हार घालीन!

परभणीत एका बियाण्याच्या गोदामात आम्ही दोघं कारकून होतो. ते वयानं मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामा. लाली म्हणजे त्यांची लाल फटफटी. पण मामा पडले शेतकऱ्याच्या घरातले, त्यांच्या लेखी ते जनावरच होतं. पेट्रोल संपलं की "लालीला तहान लागली," आणि बंद पडली की "आज बसली बया, उठंना." पोळ्याला तिच्या हँडलला बेगड लावून ते गल्लीत फिरवून आणायचे. आम्ही हसायचो. ते आमच्याकडं लक्षही द्यायचे नाहीत.

पुढं कमरेनं दगा दिला आणि डॉक्टरांनी फटफटी बंद करायला सांगितली. लाली पिंगळीच्या एका रेल्वेवाल्याला विकली. मामींनी तिच्या दिव्याला हळदकुंकू लावलं, मामांनी मोठ्या रुबाबात दोन्ही किल्ल्या त्याच्या हातावर ठेवल्या, आणि लाली गेली. संध्याकाळी मामी खुंटीकडं बघून किंचाळल्या, "अवो, दावं बी दिलंत काय?"

आपल्याकडं जनावर विकलं तरी त्याचं दावं देत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. दावं गेलं की मागोमाग घरची बरकतही जाते म्हणतात. आता फटफटीचं दावं कोणतं? मामींनी क्षणात निकाल दिला: किल्ली. एक ठेवून घ्यायची, तर या शहाण्यानं दोन्ही दिल्या!

आणि नेमकी त्याच वर्षी मामांच्या पोरीची सोयरीक जमेना. पाहुणे यायचे, पोहे खायचे, "कळवतो" म्हणून जायचे आणि गपगुमान राहायचे. एक ठिकाण तर सुपारी फुटायच्या आधी मोडलं. पोरगी गुणाची, हसरी. तीही हळूहळू माणसांसमोर यायची बंद झाली. मामी भांडल्या असत्या तरी बरं झालं असतं. त्या नुसत्या रिकाम्या खुंटीकडं बघायच्या. मामांचं जेवण गेलं, झोप गेली. गोदामातली टारगट मंडळी म्हणायची, "मामा, चेन तिकडं गेली, म्हणून इकडं चैन न्हाई." मामाही हसायचे, पण पाय टेबलाखाली हलतच असायचे.

"बापू, माझा काई इस्वास न्हाई असल्यावर," एकदा ते मला म्हणाले, "पण किल्ली आणायची. येता का?"

माझ्याकडं मोपेड होती, म्हणून माझी वर्णी. रविवार आला की मागं मामा आणि पुढं मी. पिंगळीच्या रेल्वेवाल्यानं लाली एका दूधवाल्याला विकलेली. दूधवाल्यानं नुसता हात केला, "तिकडं झरीच्या अंगाला गेली." रंग बदलला असेल, म्हणून मामा कानावर भिस्त ठेवून होते. मला सारखं थांबवायचे. "मशीन बंद करा, ऐकू येईना!"

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराच्या तंट्याचे. परका माणूस दिसला की गावात आधी चौकशी व्हायची. एका पारावर आम्हाला चौघांनी अडवलं. "कोण तुमी? कुणाच्या बाजूचे?" मी मोपेड वळवायला लागलो. मामा मात्र चिडले, "किल्लीच्या! लेक घरात बसून रडायलीय माझी, अन् तुमी बाजू इचारायलाव?" मग त्यांनी उभ्या उभ्या सगळी हकीकत सांगितली. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं पाणी दिलं आणि रस्ताही दाखवला.

झरीच्या अलीकडं एका मेंढरंवाल्याच्या वाड्यावर, मेंढरांच्या कुंपणाजवळ लाली उभी होती. काळी कुळकुळीत रंगवलेली. मामांनी टाकीवर हात ठेवला आणि किती तरी वेळ काढलाच नाही. घरच्या म्हातारीला अर्ध्या वाक्यातच सगळं उमगलं. "अगं बया! दावं दिलं व्हय रे बाबा?" तिनं घोंगड्या झटकल्या, पेटी उपसली, लेकाला हाका मारल्या. लेक ओशाळून म्हणाला, "मामा, आमच्याकडं आली तवाच किल्ली नव्हती. वायर जोडून चालू करायलाव."

म्हातारी कळवळली. "मग आरसा ने. भोंगा ने. लेकीचं काम हाय, रिकाम्या हातानं जाऊ नको."

"न्हाई माय," मामा म्हणाले, "चालत्या जनावराचं काई काढू नये." आणि ते मोपेडकडं चालू लागले.

परभणीच्या स्टेशनाबाहेर एक किल्लीवाला बसायचा. मामांनी मला थांबायला सांगितलं. त्याच्या जुन्या किल्ल्यांच्या ढिगात त्यांनी कोपरापर्यंत हात घातला, एक गंजकी किल्ली उचलली आणि धोतराच्या सोग्यानं घासघासून पुसली. माझ्याकडं बघितलंही नाही. घरी गेल्यावर मामींच्या हातावर ठेवून म्हणाले, "घे. सापडली." मामींनी ती उलटी सुलटी करून बघितली, देवापुढं धरली आणि खुंटीला अडकवली. त्या संध्याकाळी मामा पोटभर जेवले.

पोरीचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. मांडवात मामा सगळ्यांना किल्लीची कथा सांगत सुटलेले. मी मामींना म्हणालो, "बघा, किल्ली आली अन् काम झालं."

मामी पदराआड हसल्या. "बापू, लालीची किल्ली रोज माज्या हातात असायची. ही तर कपाटाची हाय."

मी विचारलं, "मग बोलला का नाहीत?"

"म्हनलं, पोरीचं जमंल तवा जमंल," त्या म्हणाल्या, "पर ह्या मानसाला आधी जेवू तर द्यावं."

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. किल्ली खरी नव्हती हे आपल्या बायकोला ठाऊक होतं, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मामी अजून आहेत. मागच्या महिन्यात गेलो तेव्हा त्या घर आवरत होत्या. नातवानं विचारलं, ही किल्ली कशाची, फेकू का? मामी एकदम ओरडल्या, "ठिव तिथं! तुज्या आज्याची हाय."