मशीनवानी भरलेल्या लोंब्या

आमच्या नेरे गावात भरतकामाचं कौतुक एकाच शब्दात होतं, "मशीनवानी." माझ्या आईने हा शब्द आयुष्यभर ऐकला. तिची उलटी टीप फूटपट्टी लावल्यासारखी जाते आणि कापड पालटलं तरी मागे एक गाठ दिसत नाही.

फॅशन डिझाइन शिकून मी घरातली पहिली पदवीधर झाले. सुई धरायला मला आईनेच शिकवलं होतं, म्हणून माझं पहिलं डिझाइन तिच्या हातचं दुकानात लागावं, असं मनापासून वाटत होतं. हिंजवडीतल्या कपड्यांच्या एका दुकानाच्या मालकीणबाई तयार झाल्या. डेनिमच्या जॅकेटच्या पाठीवर मी भाताच्या लोंब्या काढून दिल्या, आईने त्या भरल्या.

जॅकेट विकलं गेलं नाही. मालकीणबाई म्हणाल्या, "हे हाताचं आहे, मला माहितीये. पण गिऱ्हाइकाला मशीनचं वाटतं. एकदा वेगळं काहीतरी आणून बघ, नाहीतर राहू दे."

घरी सांगितलं, तर आई खूश.

"मशीनवानी म्हनली? मंग झ्याकच की."

"अगं, म्हणूनच कुणी घेतलं नाही."

माझी धाकटी चुलती शेजारी भाजी निवडत होती. लग्न होऊन आल्यापासून काकीचा वाकडातिकडा टाका हा घरातल्या चेष्टेचा विषय. ती म्हणाली, "आक्का, जरा वाकडं भरा की. लई सोपं असतंय."

"तुला सोपं. मला जमाय नको?"

आईने खरंच करून पाहिलं. ओठ घट्ट मिटून एक लोंबी वाकडी भरली, मग दुसरी, तिसरी. सगळ्या एकाच मापाने वाकड्या. काकी हसता हसता भिंतीला टेकली. "ह्ये तर वाकडं भरायचं मशीन झालं."

शेवटी मी नवं जॅकेट दोघींच्या मध्ये ठेवलं. डावीकडच्या लोंब्या आईच्या, उजवीकडच्या काकीच्या. काकीचा टाका मधेच जाड, मधेच लांब, वारं सुटल्यासारखा. आईला ते बघवेना. तिचा हात कात्रीकडे जायला लागला, तशी काकीने कात्रीच मांडीखाली घेतली.

"आपल्या शेतात ऱ्हावा, आक्का. बांध कोरू नका."

मी जॅकेट पोचवायला गेले, तेव्हा कंपनीत काम करणारी एक मुलगी दुकानात होती. काकीच्या लोंबीवरून बोट फिरवत ती म्हणाली, "हे कुणीतरी बसून केलंय." मग बोट डावीकडे सरकलं आणि थांबलं. "आणि हे पण? इतकं सरळ, हाताने?" मी मान डोलावली. तिने जॅकेट विकत घेतलं आणि तिथेच अंगात घातलं.

घरी मी झालं तसं सांगितलं. आईने काकीकडे बोट केलं.

"म्हंजी हिच्या वाकड्याच्या शेजारी माजं सरळ दिसलं?"

"हो."

टोमणा मारायची ही काकीची हक्काची वेळ होती. तिने फक्त सुई पुढे केली. "दोरा ओवून द्या, आक्का. मला दिसत न्हाई."

आईने दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाली, "ह्या खेपंला जरा मोठी लोंबी घे. लोकांना दिसाय पायजे."