माझ्या हातचं पाणी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, ज्या डॉक्टरांच्या हाताखाली इतकी वर्षं काम केलं त्यांच्याजवळ नाही. लहानूजवळ तर नाहीच — आणि लहानू गेल्या पावसाळ्यात वारला. तो गेल्यावर मला बोलायचा धीर आला, की ऐकणारा उरला नाही म्हणून बोलणं सोपं झालं? मला माझाच संशय येतो. संशय घेणं हा माझा जुना स्वभाव. तुम्हीही माझं सांगणं जरा पारखूनच घ्या.

सेलूला एका संस्थेचा दवाखाना होता. मनाच्या आजारांसाठी आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, डॉक्टर येत. दारू सोडू पाहणाऱ्यांशी बोलायचं काम माझ्याकडे होतं. कागदावर मी समुपदेशक. लोक गुरुजी म्हणत. मी पुस्तकं वाचून आलेला माणूस, बोलायला कमी. जिल्ह्यात दारूबंदी होऊन काही वर्षं झाली होती, पण दारू थांबली नव्हती, लपली होती. माणसंही लपवायला शिकली होती. कुणी लवंग चघळून येई, कुणी कच्चा कांदा खाऊन.

सुरुवातीला मी विश्वास ठेवत असे. एका माणसाने मला वर्षभर फसवलं. त्याने सोडली म्हणून मी चार लोकांत त्याच्या गळ्यात हार घातला, आणि त्याच संध्याकाळी तो हारासकट रस्त्याच्या कडेला पडलेला सापडला. लोक पुष्कळ दिवस हसत होते. त्याला नाही — मला.

त्यानंतर मी एक पद्धत काढली. आजवर ती कुणाला सांगितली नाही.

माणूस उन्हातून येई. मी दारात उभा राहून त्याच्या हातात स्वतः पाण्याचा पेला देत असे. पेला ओठाला लावण्याआधी माणूस तोंड उघडतो, एक श्वास सोडतो. तेवढ्यात मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अगदी जवळ वाकून, "कसं काय?" विचारत असे. आणि वास घेत असे. बस, एवढंच. ना झडती, ना प्रश्न. ज्यांना गावात वरून धार धरून पाणी वाढलं जाई, त्यांच्या हातात मी माझा पेला देतो, याचं त्यांना केवढं अप्रूप! लहानू एकदा म्हणालाही, "मायले सांगत असतो मी, गुरुजी सोता पाणी देते मले. पाव्हन्यासारकं." मी मान हलवली. लाज वाटली का तेव्हा? नाही वाटली. पद्धत चालते आहे, असं वाटलं.

लहानू हिंगणीचा. जंगलात लाकूडतोडीच्या कामावर जायचा, आणि भरपूर प्यायचा. त्याची बायको गिरजा चार वर्षांच्या मुलीला घेऊन अल्लीपूरला बापाकडे निघून गेली होती. बाप उकंडराव. दोन्हीकडची माणसं बसली आणि ठरलं ते असं: लहानूने बारा आठवडे दारूला शिवायचं नाही, आणि शिवला नाही हे गुरुजींनी सांगायचं. तसं झालं तर गिरजा परत येईल. नाहीतर तिचा दुसरीकडे पाट लावून देतील. माणूस पाहूनही ठेवला होता.

म्हणजे सगळं माझ्या तोंडच्या शब्दावर होतं. आणि माझा शब्द माझ्या नाकावर.

लहानू सुतळीचा एक तुकडा आणायचा. पाणी पिऊन झालं की माझ्यासमोर तिला एक गाठ मारायचा. "हे सात झाल्या, गुरुजी." "हे आठ." मी म्हणायचो, बरं. मनात म्हणायचो, बघू.

अकराव्या आठवड्यात त्याच्याजवळ मला मोहाच्या दारूचा वास आला.

चैत्र होता. त्याचे डोळे स्वच्छ होते, हात स्थिर, बोलणं सरळ. गाठ त्याने पहिल्या झटक्यात मारली. पण वास होता — जड, गोड, ओळखीचा. मी काही विचारलं नाही. का विचारलं नाही? तो खोटंच बोलणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. बाराव्या आठवड्यात तो वास पुन्हा आला. लहानू बाराव्या गाठीकडे पाहून हसला, सुतळी गुंडाळून खिशात ठेवली आणि गेला.

त्याच दुपारी उकंडराव आले. बाकावर टेकलेसुद्धा नाहीत.

"सोडली का जी त्यानं? तुमी म्हनान तर पोरीले उद्याच धाडून देतो."

मी म्हणालो, मी भरवसा देऊ शकत नाही. वास येतो, मागच्या दोन खेपांपासून.

"दोन्ही खेपेले?"

"दोन्ही."

त्यांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "बरं झालं बाप्पा, तुमी खरं सांगतलं. पोरगी वाचली माही. येत्या सोमवारचा नाई, त्याच्या पुढचा सोमवार. पाट लावून टाकतो."

जाताना त्यांनी माझ्या पायांना हात लावला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, मी हिंगणीला गेलो. घरी जाऊन पाहणी करायची, कार्डावर लिहायचं, हा कामाचा भाग होता. लहानू कामावर गेला होता. त्याच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. अंगणभर, पाय ठेवायला जागा नाही. त्याची म्हातारी आई त्यातच बसून कचरा निवडत होती. "झुंजुमुंजू झालं का मायलेक जातो जी येचाले. व्यापारी येऊन नेते. पन कपड्यायचा वास जात नाई, पाहा ना. साबन लावा का काई लावा. लहानू म्हनते, माय, गुरुजी काय म्हनतीन!" आणि ती हसली.

मी तासभर बसलो. काय बोललो, आठवत नाही. निघताना तिने माझ्या रुमालात मूठभर फुलं बांधून दिली.

परतीच्या बसमध्ये ओळखीचे एक पटवारी बसले होते. मी शेजारी टेकताच त्यांनी नाक वर केलं. "काऊन गुरुजी, आज तुमीबी लावून आले काय?" सगळी बस हसली. मीही हसलो. मग हळूच शर्टाची बाही नाकाजवळ नेली.

पाट सोमवारी होता. हातात चार दिवस होते.

सेलूला उतरलो तेव्हा वर्ध्याची बस समोर उभी होती. वर्ध्याहून अल्लीपूरची मिळाली असती. उकंडरावांना सांगायचं काय होतं? माझं चुकलं, एवढंच. पण त्यांनी विचारलं असतं, वास घेतला कसा? आणि मग ते पाणी, तो पेला, खांद्यावरचा हात — सगळंच बाहेर आलं असतं. दवाखान्यात येणाऱ्या बाकीच्या वीसजणांना कळलं असतं. पुन्हा हसले असते. नाही, हसले नसते, आणि त्याचीच मला भीती होती. कंडक्टरने दोनदा हाक दिली. मी घरी गेलो आणि पुस्तक उघडलं.

शुक्रवारी ताप आल्यासारखं वाटलं. शनिवारी वाटलं, लहानू पुढे पिणारच, सगळे पितात. रविवारी मी तो शर्ट स्वतः धुतला. बायको म्हणाली, आज काय सुचलं? मी काहीतरी उत्तर दिलं.

सोमवार गेला.

बाजाराच्या दिवशी लहानू आला. तो येणार नाही, अशी मी आशा करत होतो. सुतळी नव्हती. वास येतो, हे माझे शब्द अल्लीपूरहून त्याच्यापर्यंत पोचले असणार. मी पेला पुढे केला, आणि हात त्याच्या खांद्याकडे नेला — सवयीने. त्याने पेला घेतला, पण ओठाला लावला नाही. एक पाऊल जवळ आला, तोंड उघडलं आणि माझ्या चेहऱ्यावर एक लांब श्वास सोडला. सावकाश, पुरता संपेपर्यंत. मग पाणी प्याला, पेला माझ्या हातात दिला आणि आत जाऊन इतरांमध्ये बसला.

 

त्यानंतर सहा वर्षं तो येत राहिला. प्याला नाही. दुसरं लग्न केलं नाही. दर खेपेला आधी श्वास, मग पाणी. मला ती पद्धत बंद करता आली असती. पण बंद केली तर माझी चूक मला कळली आहे हे त्याला कळेल — मी असा विचार करत असे. त्याला ते केव्हाच कळलं होतं. मग मी कुणापासून लपवत होतो?

गेल्या पावसाळ्यात तापाने तो गेला. म्हातारीने निरोप धाडला. मी पोचलो तेव्हा त्याला अंगणात, जिथे फुलं वाळत घालायचे तिथेच, निजवलं होतं. एकेक जण तुळशीच्या पानाने त्याच्या तोंडात पाणी घालत होता. म्हातारीने मला पुढे ओढलं. "गुरुजी, तुमी पाजा जी. तुमच्या हातच्या पान्याचं लय कवतिक होतं त्याले. शेवटपर्यंत सांगे."

म्हणजे मी वास घेत असे, हे त्याने तिलाही सांगितलं नव्हतं.

मी गुडघे टेकले. पान ओलं केलं, त्याच्या ओठांवर पाणी सोडलं. आणि वाकताना माझं नाक पुढे गेलं. मी श्वास आत ओढला.

वास कसलाच नव्हता.