साकीनाक्याची अफवा

नोकरीत खून, दरोडे पुष्कळ पाहिले, पण साकीनाक्याच्या त्या अफवेचा तपास मनातून जात नाही. ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं. अंधेरी पूर्वेच्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तेवढ्यात पालिकेची एक परिचारिका कपाळाला रुमाल दाबून आत आली. रुमाल रक्ताने भिजला होता.

"साहेब, तक्रार नंतर घ्या. आधी आमच्या माणसांना वस्तीतून बाहेर काढा."

वस्तीत गोवराची साथ होती. लसीकरणाचं शिबिर सुरू होऊन आठवडा झाला होता, तेवढ्यात 'सुईने एक मुलगी मेली' अशी आवई उठली आणि दगड आले. आम्ही पोचलो तेव्हा टेबल उलटं पडलं होतं. लस टोचून झालेली चार-दोन पोरं दंड धरून रडत होती. माणसं सोडवली, शिबिर बंद झालं.

दगड मारणारे दोघे दुपारपर्यंत हाती लागले. पण शिबिराच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "त्यांना आत टाकून गोवर थांबणार नाही. नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांना ही लस देता येत नाही. आजूबाजूच्या सगळ्या पोरांना टोचलं, तरच ती वाचतील. साथीला घरात शिरायला दारच उरता कामा नये."

मी दगडांचा तपास हवालदारावर सोपवला आणि स्वतः मेलेल्या मुलीच्या मागे लागलो.

"कोणी पाहिली तिला?" मी प्रत्येक दारात विचारलं. प्रत्येकजण पुढच्या गल्लीकडे बोट दाखवी. शेवटी एका कोकणी कुटुंबाच्या खोलीशी पोचलो. दाराला कुलूप. बाप पेरणीला गावी गेलेला, आई मुलीला घेऊन गेली ती परतली नव्हती. वस्तीला तेवढा पुरावा पुरला. मात्र स्मशानात त्या मुलीची नोंद नव्हती.

दुसऱ्या दिवशी माझा खबऱ्या, एक रिक्षावाला, ठाण्यासमोर थांबला. "साहेब, लोच्या आहे. ती बाई काल बोरीवलीत दिसली मला, इस्पितळाच्या फाटकात. कडेवर पोरगी, केळं खात होती ना!"

तडक बोरीवली गाठली. मुलगी खाटेवर बसली होती, कमरेवर मोठी पट्टी. गळू चिरलं होतं. आईला अफवेचा पत्ताच नव्हता. भाऊ जवळ राहतो म्हणून ती इथे आली होती.

"सुई कुठे टोचली?" मी विचारलं.

"हय, कमरेत."

शिबिरातली दंड धरून रडणारी पोरं माझ्या डोळ्यांपुढे आली. "शिबिरात टोचून घेतलीस?"

"नाय साहेबानू. आमच्या नाक्यावरच्या डॉक्टरानी. म्हणाले, लस तीच, रांगेत कशाक उभी रवतस?"

नाक्यावरचा तो 'डॉक्टर' वस्तीत मोठा मान राखून होता. त्याला ठाण्यात बोलावलं, चहा दिला. अशा माणसाला आधी बोलू द्यावं. स्वतःच्या हुशारीतच तो अडकतो.

"बिचारी पोर गेली," तो म्हणाला. "पालिकेच्या सुईने. गळू मी स्वतः पाहिलं, कमरेवर."

"तुम्ही लस देता?"

"छे! मी फक्त ताप-खोकला बघतो."

"पालिकेने कमरेतच टोचलं?"

"म्हणजे काय! सगळ्या पोरांना कमरेतच देतात."

"त्या शिबिरात सगळ्या पोरांना दंडावर दिली. मग कमरेत कोणी टोचलं?"

तो घाईने उठला. मी शेजारच्या खोलीचं दार उघडलं. बोरीवलीहून थेट आणलेली आई मुलीला कडेवर घेऊन उभी होती. दोघींना पाहताच तो भडाभडा बोलला. लसीच्या नावाखाली रंगीत पाणी, सगळ्यांना एकच सुई. गळू झालं, मायलेकी दिसेनाशा झाल्या, तेव्हा पोर गेली असं समजून तो घाबरला आणि पालिकेवर आळ घेऊन मोकळा झाला. पंचांसमक्ष त्याच्या दवाखान्याची झडती घेतली, बाटल्या आणि सुई जप्त केली, त्याला अटक केली.

पण वस्तीचा विश्वास अजून परत आणायचा होता.

पुन्हा शिबिर लागलं. परिचारिका कपाळावरच्या पट्टीसकट हजर. बंदोबस्त मी मुद्दाम लांब ठेवला. लोक जमले, पण टेबलापाशी कोणी येईना. एक म्हातारी ओरडली, "पोरगी मारलीत, आता आणखी किती?"

तेवढ्यात भावाकडून नुकतीच परतलेली ती आई गर्दीतून पुढे आली. मुलीला दोन्ही हातांनी वर उचलून ती कडाडली, "माजा चेडू जिता आसा! डोळे उघडून बघा! खोटा बोललो तो नाक्यावरचो!" आणि मुलीचा दंड तिने परिचारिकेपुढे केला. "सिस्टर, आता खरी टोचा."

मुलीने भोकाड पसरलं. म्हातारी जवळ आली, तिने मुलीच्या गालाला हात लावून पाहिला आणि वळून सुनेला म्हणाली, "बघतेस काय गं? आण पोराला!"

मग रांग अशी लागली की पार रस्त्यापर्यंत गेली. संध्याकाळी लस संपली, परिचारिका हसत होती आणि माझा कडक हवालदार एका रडव्या पोराला खांद्यावर घेऊन फिरत होता. पुढच्या काही आठवड्यांत साथ ओसरली. ज्यांना टोचता येत नव्हतं ती तान्ही बाळंही सुखरूप राहिली.

दगड मारणाऱ्यांचा मला राग होता, तो त्या दिवशी गेला. आपली पोरं मरतील या भीतीनेच त्यांनी दगड उचलले होते. भ्यालेल्या माणसाला लाठीने घरात कोंडता येतं, रांगेत उभं करता येत नाही. त्याला खरं काय ते डोळ्यांनी दाखवावं लागतं, आणि दाखवणारं त्याच्यातलंच कोणी असावं लागतं. छातीवर पदकं पुढे लागली. पण त्या रांगेच्या शेवटी उभं राहून मी जो सॅल्यूट त्या आईला ठोकला, तसा मनापासून पुन्हा कोणाला ठोकला नाही.