आत काय ठेवणार?

डिस्क मागितली की उस्ताद आधी चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "आत काय ठेवणार?" कंपनी नाही, किंमत नाही, आधी हे. उत्तर मिळेपर्यंत त्यांचा हात कपाटाकडे जायचाच नाही.

पहिल्यांदा मी भडकलोच होतो. मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करतो. निफाडचं एक लग्न उरकून, दमूनभागून नाशिकला त्यांच्या कंप्युटरच्या दुकानात शिरलो होतो. म्हटलं, "डिस्क विकायचीय की पोलीस चौकशी करायचीय?"

"भाऊ, डॉक्टरला दुखणं सांगता ना? मग मला सांगायला काय झालं?"

सांगितलं, काय करतो! त्यांनी दोन डिस्क पुढ्यात ठेवल्या. "एडिटिंग करायचं, बॅगेतून गावोगाव न्यायचं, तर ही एसएसडी. आत फिरणारं काही नाही, धक्के सोसते आणि पळते पण जोरात. लग्नं जपून ठेवायचीत, तर ही फिरणारी हार्डडिस्क. एसएसडी वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात पडली, तर विसरायला लागते." मला वाटलं, बकरा बघून दोन गळ्यात मारतायत. तरी घेतल्या दोन्ही, कारण पोटात कावळे ओरडत होते.

तुम्हीही असे दुकानदार पाहिले असतील, जे विकण्यापेक्षा समजावण्यात जास्त रमतात. एकदा लासलगावचे एक कांद्याचे व्यापारी आले. गोदामातल्या कॅमेऱ्यांसाठी साधी कंप्युटरची डिस्क द्या म्हणाले.

"कॅमेरे रात्रंदिवस लिहीत राहतात, सेठ. त्यासाठी वेगळी डिस्क येते, ती न्या. ही दमेल."

"सगळ्या सारख्याच हायेत की. लय नका सांगू."

उस्तादांनी चष्मा वर केला. "लाल कांदा साठवणीला चाळीत भरता का तुम्ही?"

"नाय बा! सडून जाईल. चाळीत उन्हाळीच."

"का? कांदे तर सगळे सारखेच." व्यापारी असे हसले, की चहा त्यांनीच मागवला.

पण उस्तादांची खरी हौस होती सोयरीक जुळवायची. त्यांचं म्हणणं, जपायच्या गोष्टीची एक कॉपी दुसऱ्याच्या घरी हवी. घरात चोर आले किंवा गोदेचं पाणी आलं, तर एका छपराखालच्या दोन्ही जातात. म्हणून ते गिऱ्हाइकांच्या जोड्या लावायचे. बेकरीवाल्याची डिस्क शिक्षिकाबाईंकडे, बाईंची बेकरीत. अट एकच, दुसऱ्याची डिस्क उघडायची नाही. माझी सोयरीक त्यांनी स्वतःशीच जुळवली. दिवाळीला ते फराळाला यायचे, माझ्याकडे ठेवलेली आपली डिस्क नेऊन नवं काही भरून परत आणून द्यायचे. त्यांच्याकडची माझी डिस्क मी ईदला शीरखुर्मा खायला गेलो की तशीच नेऊन, भरून परत द्यायचो.

गेल्या हिवाळ्यात उस्ताद गेले. दुकानातच छातीत कळ आली, आणि संपलं. मला फार लागलं ते. इतकी वर्षं ज्या माणसावर चिडचिड केली, त्याच्यावाचून बाजारात जाववेना.

काही महिन्यांनी त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, घरी आल्या. त्यांचा मोबाइल पाण्यात पडला होता आणि घरचा कंप्युटर चालूच होत नव्हता. "भाईजान, यांचा आवाज कुठंच राहिला नाही. कान तरसलेत. तुमच्याकडची डिस्क चालेल ना हो?"

मी कपाटातून डिस्क काढली. वायर लावली. डिस्क क्षणभर गप्प बसली, मग आत हळूच घरघर सुरू झाली. मी उठून बाहेर जायला लागलो, अट होती ना. भाभी म्हणाल्या, "बसा. तुमच्यासमोर काय लपवायचंय?"

पहिल्या व्हिडिओत भाभी भाकरी थापत होत्या. दुसऱ्यात भाभी कुंड्यांना पाणी घालत होत्या. पुढेही सगळीकडे भाभीच. उस्ताद एकाही चित्रात नाहीत, कायम कॅमेऱ्यामागे. "जरा इकडं बघ की," आवाज यायचा, "काय लाजतेस या वयात!"

"वेडा माणूस," भाभी रडत म्हणाल्या, "स्वतःला काढायचं सोडून मला काढत बसला." पडद्यावर त्यांना त्यांचाच चेहरा दिसत होता. म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि ऐकत राहिल्या.

जाताना म्हणाल्या, "ही मी नेते. पण एक कॉपी तुमच्याकडे राहू द्या. त्यांची रीत मोडायची नाही." मी सगळं माझ्या कंप्युटरवर उतरवून घेतलं आणि डिस्क त्यांच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो. उस्तादांचं शटर बंद होतं, म्हणून शेजारच्या दुकानात डिस्क मागितली. दुकानदाराने मोबाइलमधून मानही न उचलता विचारलं, "किती टीबी?"

मी पुढच्या प्रश्नाची वाट पाहिली, तो आलाच नाही. मग आपणहूनच सांगितलं, "कपाटात जपून ठेवायचीय. फिरणारी द्या. आत एका माणसाचा आवाज ठेवणार आहे."