व्हॅक्सिनमधली गाय

"काय गं, गोठ्यातून थेट आलीस का? ही लॅब आहे. जा, बाहेर उभी राहा."

सरांनी नाकाला रुमाल लावला होता. पोरं खिदळली. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष, सूक्ष्मजीवशास्त्राचं प्रॅक्टिकल. पहाटे आबांबरोबर गंगावेशीच्या दूध-कट्ट्यावर म्हशींच्या धारा काढायच्या, तिथंच गिऱ्हाइकाच्या हातात फेसाळ दुधाचा पेला द्यायचा आणि धावत कॉलेज गाठायचं, हा माझा शिरस्ता. साबण लावायची, वर पावडर थापायची. तरी शेणाचा वास राहायचाच. लाज वाटायची. त्या दिवशी तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि हेच सर रोज सकाळी आमच्याकडं दूध प्यायला यायचे. तोंडाला स्कार्फ बांधून पेला देणारी पोरगी त्यांना कधी दिसलीच नाही.

दाराबाहेरून ऐकत राहिले. आत सर रंगात आले होते. व्हॅक्सिन हा शब्द लॅटिनमधून आला, म्हणाले. व्हाक्का म्हणजे गाय. धारा काढणाऱ्या एका बाईच्या हातावर गाईच्या देवीचे फोड आले होते. डॉक्टरनं त्यातला द्रव घेऊन एका पोराला टोचला, तिथून देवीवरची लस आली. डॉक्टरचं नाव त्यांनी फळ्यावर लिहिलं, खाली रेघ मारली. बाईचं नाव घेतलंच नाही.

माझं डोकं सटकलं. गोठ्यातला शब्द आत, फळ्यावर. गोठ्यातली पोरगी बाहेर.

मी आत गेले.

"कोणाला विचारून आलीस?"

"सर, ती बाई आज आली असती, तर तिलाबी भाईर काढलं असतं न्हवं?"

"नाटकं नकोत," सर म्हणाले. मी माझ्या स्टुलावर बसले. वही उघडली. त्यांनी माझी गैरहजेरी लावली. मी समोर बसलेली असताना.

दुसऱ्या दिवशी सर कट्ट्यावर आले. मी स्कार्फ बांधला नव्हता. त्यांनी ओळखलं, नजर चुकवली आणि पेल्यासाठी हात पुढं केला. "देते, सर," मी म्हणाले.

"तुझं सर हायत व्हय? मग चांगला फेस येऊ दे की!" आबा कौतुकानं म्हणाले. त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. सर घटाघटा प्याले, मिशीवरचा फेस पुसला. म्हैस शेजारीच शेण टाकत होती. तिथं त्यांना वास आला नाही.

घरी आले आणि पावडरचा डबा उकिरड्यावर फेकला. आता धारा काढते, हातपाय धुते आणि सरळ लॅबमध्ये जाते. पहिल्याच टेबलाशी बसते. ज्याला वास येतो त्यानं बाहेर जावं. मी जाणार नाही.