किडनी भाभींची, सुई सेठला

आमच्या शेलार गावच्या लूम कारखान्यात, म्हणजे यंत्रमागावर, किस्से कापसासारखे साचतात. आज झाडून काढा, उद्या कोपऱ्यात पुन्हा आहेतच! त्यातले निम्मे आमच्या मालकाचे, युनूससेठचे. मी तिथला जॉबर, म्हणजे लूम बिघडला की दुरुस्त करणारा. त्यामुळे बरेचसे माझ्यासमोरच घडलेत.

सेठच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा त्यांच्या बायकोने, सकीनाभाभींनी, स्वतःची एक दिली. ती टिकावी म्हणून प्रतिकारशक्ती दाबून ठेवणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या, त्याही जन्मभराच्या. सेठने कारीगरांना समजावलं, "आतल्या वॉचमनला गुंगीची गोळी दिलीय. न्हायतर तो नव्या भाडेकरूला हाकलून देईल!"

एका कारीगराने विचारलं, "और सेठ, चोर आया तो?"

सेठ त्याच आठवड्यात डॉक्टरबाईंकडे लसीचं विचारायला गेले.

*

बाई म्हणाल्या, "फ्लूची सुई घ्या. तिच्यात जिवंत विषाणू नसतो, तुम्हाला चालते. जिवंत विषाणूची लस मात्र नको. कुठलीही लस घेण्याआधी मला विचारायचं."

दुसऱ्या दिवशी सुई घ्यायला मी सेठना स्कूटरवर घेऊन गेलो. बाईंनी सहज विचारलं, "सकाळची गोळी घेतली ना?"

"न्हाय ना! लूम बंद करून आलोय."

आमच्याकडे तुटलेला धागा जोडायचा तर आधी लूम थांबवतात. सुईआधी सेठने तोच कायदा किडनीला लावला होता!

"अहो, गोळी बंद केली तर शरीर ती किडनी नाकारेल!" बाई ओरडल्याच. नशीब, गोळी खिशातच होती. बाईंनी ती समोर बसवून घ्यायला लावली, मग सुई दिली. पुढे रक्ताचा रिपोर्ट चांगला आला, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

भाभींना कळलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "किडनी वापरायला दिलीय, मालकीची केली न्हाय!"

*

सेठच्या आसपास वावरणाऱ्यांनीही फ्लूची लस घ्यावी, असं बाईंनी सांगितलं. कारीगर मागे सरकायला लागले. त्यांना धीर द्यायला मी पुढे झालो, बाही वर केली, हसलोसुद्धा.

डोळे उघडले तेव्हा सेठ मला पुठ्ठ्याने वारा घालत होते. "गोळ्या मी खातो, आणि आडवा हा होतो!"

*

मग सेठ आणि भाभींचं काब्याच्या यात्रेला, उमऱ्याला, जायचं ठरलं. बाईंनी होकार दिला, पण लसींबद्दल पुन्हा बजावलं. यात्रेकरूंच्या लसीच्या रांगेत सेठचं एकच पालुपद, "सिस्टर, ही जिवंत की मेलेली?"

मेंदूज्वराची मेलेली निघाली. सेठने ऐटीत घेतली. मग पोलिओचे थेंब पुढे आले.

"हे जिवंत," सिस्टर म्हणाल्या.

सेठने दोन्ही हातांनी तोंड दाबलं! मागच्या चाचांनी मला विचारलं, "इनके दाँत में दर्द है क्या?"

बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थेंब नकोत, पोलिओची सुई घ्या. एका घरात राहतात म्हणून भाभींनाही सुईच. सेठपायी आपल्यालाही टोचून घ्यावं लागणार, म्हणून भाभी त्यांच्यावर अशा डाफरल्या की आख्खी रांग वळून बघायला लागली.

*

त्यांच्या ग्रुपमधले बहुतेक जण परत आले ते खोकतच. आम्ही खजूर खायला टेमघरला त्यांच्या घरी गेलो, तर दार सेठनेच उघडलं. खणखणीत! कसला खोकला नि कसला ताप! मला इतकं बरं वाटलं की मी त्यांना मिठीच मारली.

कोणीतरी भाभींना विचारलं, "काब्याचे फेरे नीट झाले ना?"

"नीट? माझे तर दोनदा झाले," भाभी म्हणाल्या. "एक किडनी माझ्यासंगती फिरली, एक यांच्यासंगती."

"आणि सेठचे?"

"ते निस्ते माझी किडनी उचलायला होते!"