तापीतल्या बेटावरचं भरीत

थंडीत जळगावात भरिताच्या दुकानावरून गेलो, की कपाशीच्या वाळक्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचा वास येतो आणि मला दिलीप आठवतो. आजही आठवला. कुणाला कधी बोललो नाही, पण त्याच्यावर मी फार जळायचो.

दिलीप माझा वर्गमित्र. अंदमानला दोघंही नोकरीला जाणार होतो; ऐनवेळी माझा धीर झाला नाही, तो एकटाच गेला. पहिल्या सुट्टीत आला, तेव्हा आम्ही मित्र चपला हातात धरून तापीतल्या वाळूच्या बेटावर गेलो. बिअरच्या बाटल्या गोणपाटात बांधून पाण्यात ठेवल्या. दिलीप मात्र रबरी सँडल घालून सरळ पाण्यातून चालत आला. त्याच्या पिशवीतही पाणी शिरत नव्हतं. अंदमानच्या किनाऱ्यावरची तळलेली मासळी, होडीनं बाजाराला जाणं, असं तो सांगत होता आणि सगळे त्याचंच ऐकत होते. मी धुरात वांगी भाजत बसलो होतो.

"मासा खाई खाई काया व्हयी गया रे तू!" आमच्यातला वयानं मोठा नाना म्हणाला. दिलीपच्या काळवंडलेल्या रंगावर सगळे हसले.

मग मी भरीत वाढलं. पहिल्याच घासाला दिलीपच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळे पुसत म्हणाला, "बठ्ठं भेटस भाऊ तठे, पन हाई नही भेटस."

तिकडे सगळं मिळतं, पण हे भरीत मिळत नाही, हे ऐकून तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. आता त्याच्या सँडलचा, मासळीचा हेवा उरलेला नाही. हेवा वाटतो तो त्या डोळ्यांतल्या पाण्याचा. घरच्या घासानं डोळे भरून यावेत, इतका लांब मी कधी गेलोच नाही.